फरशीतली कानबाई

शुक्रवारी सकाळी आठ वाजता भेस्तानच्या यंत्रमागांच्या खात्यात काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू झाला. दोन-अडीच तासांनी तो थांबला, तेव्हा तिजोरीच्या चारही बाजूंनी गुडघाभर खोल चर पडला होता, काँक्रीटची ढेकळं दाराशी रचली गेली होती आणि तिजोरी जागची हलली नव्हती.

तोडकामाचा ठेकेदार गणेश चराच्या काठावर बसला. तो मूळचा बीडकडचा, सुरतेत येऊन जुनी खाती पाडण्यात हात बसलेला. त्यानं एक ढेकूळ उचललं, उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं.

"शेठ, हे कालवलंय कोणी?"

"आमच्या बाबांनी," हेमराज म्हणाला. "बाबा आणि काका, दोघांनी मिळून."

"मग बाबांनाच विचारा की, काढायचं कसं."

हेमराजनं समोरच्या भिंतीतल्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. तिथला हार घातलेला फोटो त्यानं कालच घरी नेला होता. खिळ्याखालचा पांढरा चौकोन गणेशला उशिरा दिसला.

"चुकलं शेठ. आणि काका?"

"आहेत. कडोदऱ्याला."

"मग बोलवा."

हेमराज फोन घेऊन बाहेर गेला.

खातं विकलं गेलं होतं. माग भंगारात गेले होते. घेणारा एम्ब्रॉयडरीवाला होता. त्याची मशिनं शनिवारी दुपारी यायची होती आणि फरशी सपाट मिळावी, एवढीच त्याची अट होती.

तिजोरी फरशीत कशी गेली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हेमराजच्या बाबांनी, हिलालनं, ती आणली तेव्हा कोपऱ्यात उभी केली होती. माग दिवसरात्र चालायचे, जमीन थरथरायची आणि त्या थरथरीनं तिजोरी सरकायची. महिन्याभरात ती कोपरा सोडून हातभर पुढे यायची. आत कानबाईचा चांदीचा मुखवटा होता, गावाहून आणलेला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तो नारळावर चढवायचा, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी तापीवर जाऊन यायचं. घरातल्या बायका म्हणू लागल्या, देवी चालते, तिला खानदेशात परत जायचंय. हिलाल म्हणाला, मागांमुळे सरकते. तरी रोज सकाळी खात्यात शिरल्यावर तिचं तोंड कोणीकडे वळलंय ते तो आधी पाहून घ्यायचा. शेवटी माग बंद असतानाच्या एका रविवारी दोघा भावांनी खड्डा खणला, तिजोरी पाठीवर झोपवली आणि भोवती काँक्रीट ओतलं. दार वर, फरशीच्या पातळीत.

किल्ल्या दोन होत्या. एक हिलालकडे, एक धाकट्या काशिनाथकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे. ही युक्ती हिलालचीच. देवी भाऊबंदांची, एकट्यानं कोणी काढायची नाही. पुढे काशिनाथनं कडोदऱ्याला घर केलं आणि तिथे वेगळा नारळ बसवला. त्या श्रावणात हिलालनं कानबाईच्या प्रसादाच्या रोटाच्या गव्हात भावाच्या घरच्या मुठी धरल्या नाहीत. रोटाला भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू सुपात घेतात. ज्याची मूठ नाही, त्याचा रोटात वाटा नाही. काशिनाथ आपली किल्ली घेऊन गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत कानबाई बसे ती नुसत्या नारळाची, काजळानं डोळे काढलेली. हिलाल वारला तेव्हा काशिनाथ आला, त्यानं खांदा दिला आणि कोणाशी न बोलता तो परत गेला.

येत्या रविवारी कानबाई होती.

हेमराज आत आला तेव्हा त्याचा आवाज मोकळा झाला होता. "गॅसकटरवाला येतोय. दार वरून कापून काढू. वीस मिनिटांत काम होईल."

उषाबाई मघापासून दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या, खुर्ची उचलून चराच्या कडेला आणली आणि पुन्हा बसल्या.

"गॅस नही."

"आई, त्याला रोजचं काम आहे ते. मुखवट्याला काही होणार नाही. तो मागच्या बाजूला असेल."

"मांगनी बाजू कोनती रे? झोपाडेल शे ती. दार कापशी त ठिनग्या सरळ तिना तोंडवर पडतीन."

"मग ओली पोती टाकू."

"आत कशी टाकशी? दार त बंद शे."

गणेशला हसू आलं. ते लपवायला त्यानं ब्रेकरची वायर गुंडाळायला घेतली.

"मग सांग तूच," हेमराज म्हणाला. "उद्या त्याची मशिनं येतील. तो थांबेल का आपल्यासाठी? वरून फरशी घालून मोकळा होईल. मग बसा म्हणावं देवीला मशिनखाली."

"अख्खी काढ."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. हेमराजनं तो चढलेला कधी ऐकलाच नव्हता. खात्यात वाढलेल्या माणसांना ओरडायची सवय नसते. मागांच्या गडगडाटात ओरडून उपयोग नाही, म्हणून सगळे ओठांवरून बोलतात आणि ओठांवरूनच ऐकतात. उषाबाई पन्नास पावलांवरच्या कारागिराला आवाज न काढता सांगायच्या, धागा तुटलाय, आणि तो वळून माग थांबवायचा. लहानपणी हेमराजला वाटे, आई फक्त घरीच बोलते. त्यानं गॅसवाल्याला पुन्हा फोन लावला आणि तासभर थांबायला सांगितलं.

*

चंचल चहाची किटली घेऊन आली होती. हेमराजची बायको ती, पण मागांच्या घरातली नव्हे. वडील भाजीवाले, माहेर नंदुरबारचं. ओठांवरून तिला कधीच काही कळलं नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून या घरातलं अर्धं बोलणं आपल्यापासून निसटतं, असं तिला वाटायचं. कदाचित म्हणूनच, कोणीतरी तोंड उघडून बोललं पाहिजे हे तिच्या आधी लक्षात आलं.

तिनं कप भरले, वाटले आणि किटली घेऊन मागच्या गल्लीत गेली. काशिनाथच्या सुनेचा, शीतलचा नंबर तिच्याकडे होता. दोघी एकमेकींचे फोटो पाहायच्या, मेहंदीचे नमुने पाठवायच्या. याची घरात वाच्यता नव्हती.

"शीतल, काकांना दे ना फोन."

"ते घेणार आहेत का? वेडी आहेस का तू?"

"मग स्पीकरवर टाक. मी बोलते. ऐकायचं नसेल तर उठून जातील."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग टीव्ही बारीक झाला.

"काका, मी चंचल. तिजोरी निघत नाहीये. चारही बाजूंनी फोडलंय, तरी हलत नाही. हे गॅसनं कापायला निघालेत. आत्याबाई खुर्ची टाकून बसल्यात, कापू देत नाहीत. एवढंच सांगायचं होतं."

मग लांबून काशिनाथचा आवाज आला, फोनशी न बोलता सुनेशी बोलणारा.

"तिले सांग, खाले शाफ्ट शे."

"कसला शाफ्ट काका?"

"मागना जुना शाफ्ट. भाऊनी आडवा वेल्डिंग करेल शे पाठले. दोन्ही टोकं काँक्रीटमा शेत. वरतून कितलं बी फोडा, नही निंघाव." मग थोडं थांबून, "संदीपले म्हना, गाडी काढ."

चंचल आत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काका येतायत."

"कोणी सांगितलं त्यांना?" हेमराजनं विचारलं.

"मी."

हेमराजनं आईकडे पाहिलं. उषाबाई बशीतला चहा पीत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "त्याले बिनसाखरना लागस. येगळा टाक."

काशिनाथचा चहा बिनसाखरेचा असतो, हे इतकी वर्षं कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. चंचल किटली घेऊन निघाली.

*

काशिनाथ मोटरसायकलवरून उतरला, तेव्हा पावसाची भुरभुर थांबली होती. दारातल्या ढेकळांपाशी तो थबकला. चप्पल काढली आणि आत आला. रिकामं खातं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. आवाज नसला की ते लहान वाटत होतं.

मागोमाग त्याचा मुलगा संदीप आला. त्यानं चुलतभावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खातं विकलं म्हणे शेठ. आम्हाला भंगारवाल्याकडून कळलं."

"भंगारवाला फोन उचलतो," हेमराज म्हणाला.

"लावला होतास?"

"तू उचलला असतास?"

"लावून तर बघायचं ने, यार."

काशिनाथनं दोघांकडे लक्ष दिलं नाही. दाराची किल्लीची छिद्रं बुजलेली पाहून तो चरात उतरला आणि फुटलेल्या कडेवरून त्यानं हात फिरवला. खडी घट्ट बसली होती, कुठे पोकळी नव्हती. तापीची वाळू. ती हिलालनं तीनदा धुतली होती. दुपार टळली तरी भाऊ वाळूच धुतोय, म्हणून तो स्वतः वैतागला होता. हिलाल त्याला म्हणाला होता, माती राहिली तर पुढे पोरांना काढायला सोपं जाईल. तेव्हा दोघं हसले होते.

"काय माल घातलाय काका," गणेश म्हणाला. "मी पूल फोडलेत. पुलालाही असा नसतो."

"मना भाऊनी घालेल शे. मी फक्त पानी टाकं." मग त्यानं चराच्या दोन जागांवर बोट ठेवलं. "आठे नि आठे. खालतून बोगदा पाड. शाफ्टनी टोकं दिसतीन, ती ग्राइंडरनी काप."

"ठिनग्या?" उषाबाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत दिराशी त्यांनी बोललेला हा पहिला शब्द होता.

"बाहेर पडतीन, वहिनी. पेटीले नही लागाव."

ब्रेकर पुन्हा सुरू झाला. शेडच्या पत्र्यांनी तो आवाज उचलला आणि दुप्पट करून खाली टाकला. दोघे चुलतभाऊ कान झाकून बाहेर गेले. चंचल दारात उभी राहिली. चराच्या एका बाजूला काशिनाथ, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर उषाबाई, मधे धूळ.

काशिनाथला उषाबाईंचे ओठ हलताना दिसले. सवय गेली असेल असं त्याला वाटलं होतं. ती गेली नव्हती.

नातूनं नाव काय ठेवं?

रुद्र, त्यानं आवाज न काढता सांगितलं.

कोनावर गया?

त्यानं आपल्या कानाच्या पाळीला हात लावला. हिलालच्या कानाच्या पाळ्या मोठ्या होत्या. गावात सगळे त्यावरून त्याला चिडवायचे.

उषाबाईंनी मान खाली घातली. त्या हसल्या की नाही, हे चंचलला धुळीतून दिसलं नाही. पण दोघं बोलत होते एवढं तिला त्या दिवशी कळलं आणि ते काय बोलले हे तिनं कधीच विचारलं नाही.

दुपारनंतर शाफ्टची दोन्ही टोकं सुटली. गणेशच्या माणसांनी लोखंडी तिकाटणं उभं केलं, साखळीची कप्पी लावली, पट्टे खालून ओवले. गणेशनं सगळ्यांना मागे सरकवलं आणि साखळी स्वतः ओढली, सावकाश, दर ओढीला थांबून कान देत. तिजोरी खालून सुटल्याचा आवाज आला आणि ती वर आली. पाठीचा हिरवा रंग ओतल्या दिवसासारखा कोरा होता.

संदीप आणि हेमराज दोघंही एकदमच पुढे झाले आणि लोंबकळती तिजोरी फिरू नये म्हणून एकेका बाजूनं धरून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं.

"हां, धरून ठेवा," गणेश म्हणाला. "सख्खे भाऊ का?"

"चुलत," दोघं एकदम म्हणाले.

*

भांडण टेम्पोपाशी झालं.

"नवागाम," हेमराजनं ड्रायव्हरला आपल्या घरचा पत्ता सांगितला.

"थांब, थांब." संदीपनं फाळक्यावर हात ठेवला. "नवागाम कोणी ठरवलं? अर्धं कुलूप आमचं आहे."

"घर मोठं कोणाचं? बाबांनी आणली देवी."

"आणि माझ्या बापानं काय केलं? पाणी टाकलं फक्त?"

"संदीपभाऊंचं चुकत नाही," चंचल म्हणाली. हेमराज वळला. तिनं नजर खाली घेतली नाही. "काका आले नसते तर आत्ता इथे कापलेलं दार आणि जळालेला मुखवटा असता. विचारायला हवं होतं."

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"मी इथे उभी आहे, त्या बाजूची."

उषाबाई टेम्पोजवळ आल्या. मघापासून खोचलेला पदर त्यांनी सोडला. "कडोदराले न्या," त्या म्हणाल्या.

हेमराज आईकडे वळला. देवी गेली की वडिलांनी मांडलेलं मोठं घर संपलं, हे त्याला कोणी समजवायला नको होतं. आईलाही नको होतं. त्या इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या होत्या की, त्यांनी हे खुर्चीवर बसल्या बसल्या सकाळीच ठरवलं असावं.

"नही," काशिनाथ म्हणाला.

"काबर नही?"

"लोक म्हनतीन, हिलाल गया नि धाकलानी देवी उखडी नेई."

"लोकेसले मी सांगसू."

"लोकेसनं सोड, वहिनी." काशिनाथनं खिशातून रुमाल काढून हात पुसले. हात आधीच पुसलेले होते. "माले मुखवटा काय करना व्हता? नारळले बी हात जोडतस माणसं. त्या श्रावणमा सूप तुना हातमा व्हतं. मनी मूठ नही पडनी."

ब्रेकर बंद होता. हे सगळ्यांना ऐकू आलं.

"व्हतं," उषाबाई म्हणाल्या. "मनाच हातमा व्हतं."

त्यांनी हिलालचं नाव घेतलं नाही. त्यांना ते घेता आलं असतं. मुठी कोणी मोजू दिल्या नाहीत हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. हेमराजला नंतर कितीदा तरी वाटलं की, त्या दिवशी तिजोरी वर येण्यापेक्षा हे अवघड होतं.

"चाचा," ड्रायव्हर म्हणाला, "किधर का फायनल है? वेटिंग लगेगा."

"नवागाम," काशिनाथ म्हणाला आणि मागे चढून तिजोरीशेजारी बसला. संदीपनं बापाकडे पाहिलं, फाळक्यावरचा हात काढला आणि मोटरसायकलला किक मारली.

*

नवागामच्या घरात तिजोरी दारातून आत येईना. फाळक्याच्या दोन फळ्या टाकून ती पुढच्या पडवीत घेतली आणि उभी केली. इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदाच पायावर उभी होती.

किल्लीची छिद्रं ग्रीस आणि धाग्यांच्या भुग्यानं बुजली होती. उषाबाईंनी केसातली पिन काढली आणि दोन्ही छिद्रं स्वतः साफ केली, भुगा पदरात घेत. हेमराजनं वडिलांची किल्ली घातली. काशिनाथनं कमरेच्या करगोट्यातून आपली सोडवली. करगोट्यात राहून राहून ती गुळगुळीत झाली होती. ती आत गेली.

दोघांनी एकदम फिरवल्या. काही झालं नाही. पुन्हा फिरवल्या. हेमराजनं दात आवळले.

"जोर नको लावू," काशिनाथ म्हणाला. "तुटी जाई."

"मग?"

"तेल सोड. मागनं तेल शे का?"

बाटली मोरीच्या कोनाड्यात होती. चंचलनं आणून दिली. काशिनाथनं दोन्ही छिद्रांत थेंब थेंब तेल सोडलं, थांबला, पुन्हा सोडलं. मग त्यानं बिनसाखरेचा चहा घेतला, उभ्यानंच, आणि चप्पल घातली.

संदीपनं सवयीनं बापाच्या किल्लीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," काशिनाथ म्हणाला.

"इथे?"

"तेल मुरू दे ना. काढशी त हवा जाई."

किल्ली काढल्यानं तेलाला काही होत नाही, हे पडवीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मागाच्या तेलात वाढलेली माणसं होती ती. काशिनाथ मोटरसायकलवर मुलामागे बसला आणि वळणावर दिसेनासा झाला.

संध्याकाळी दिवा लावायच्या सुमारास चंचलचा फोन वाजला. शीतलचा नंबर होता, पण आवाज काशिनाथच्या बायकोचा, भागीरथीचा होता. "तुनी सासूले दे."

चंचलनं स्पीकर लावला आणि फोन उषाबाईंच्या हातात दिला. त्यांच्यासमोर सूप होतं, शेजारी गव्हाची गोणी तोंड उघडून ठेवलेली. रोटाचे गहू उद्या सकाळी दळायचे होते.

"बाई," भागीरथी म्हणाली, "उघडनं का?"

"नही अजून. तेल मुरी ऱ्हायनं."

"हां."

पलीकडे एक मूल रडत होतं आणि शीतल त्याला गप्प करत होती.

"भागीरथी," उषाबाईंनी विचारलं, "तुमन्या मुठी कितल्या धरू? रुद्रले धरीसन सांग."

मूल रडायचं थांबलं. भागीरथीनं श्वास घेतल्याचं फोनवर स्पष्ट ऐकू आलं.

"यास्ले इचारीसन सांगस, बाई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उषाबाईंनी आपल्या घरच्या मुठी सुपात टाकल्या. मग गोणीचं तोंड तसंच उघडं ठेवून भिंतीला टेकून बसल्या. रात्रीची जेवणं झाली तोवर कडोदऱ्याहून फोन आलेला नव्हता. पडवीत तिजोरी बंद होती. दोन्ही किल्ल्या तिच्यातच होत्या.